कापसात गुंडाळलेलं पैंजण

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मैत्रिणीच्या घरात गेले. घरात कुणी नव्हतं. कोनाड्यातलं पैंजण मी घेतलं, परकराच्या ओच्यात खोचलं आणि घरी आले.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. जिला सांगायला हवं होतं ती गेल्या महिन्यात गेली. तिचं नाव इथे लिहिणार नाही, कारण परवानगी विचारायची तर ती आता नाही. मग इतरांचीही नावं लिहायला नकोत.

ती गेल्यानंतरच्या आठवड्यात माझ्या सुनेनं मला सहज एक गोष्ट विचारली. नात दुसरीत आहे. सून म्हणाली, "आई, हिच्या बाई म्हणतात, ही वर्गात एकाच मुलीला धरून बसते. दुसऱ्या कुणाशी बोलत नाही. चार जणींत मिसळायला हवं ना? तुम्ही एवढी वर्षं शिकवलंत, तुम्हाला काय वाटतं?"

मी "बघू" म्हणाले आणि उठून आत गेले. शिक्षिका असताना हा प्रश्न मला पालकांनी अनेकदा विचारला होता आणि मी दर वेळी न अडखळता उत्तर दिलं होतं. एक जिवाभावाची मैत्रीण असली की मुलाला धीर येतो, असं मी सांगायचे. तोंडपाठ असल्यासारखं सांगायचे. सांगताना कधी पैंजण आठवलं नाही, असं मात्र झालं नाही.

माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. महायुद्ध चालू असताना त्यांची बदली नगर जिल्ह्यातल्या शनिदेवाच्या गावी झाली. मी तेव्हा आठ वर्षांची होते. गाव लहान होतं, ज्वारी-बाजरीचं. घरांना चौकटी होत्या, दारं नव्हती. कुत्रं किंवा शेरडू आत शिरू नये म्हणून रात्री चौकटीला एक फळी आडवी लावायची, एवढंच. पेटीला कडी असायची, कुलूप नसायचं. आम्ही सामान घेऊन उतरलो तेव्हा वडिलांच्या ट्रंकेला पितळी कुलूप होतं. शेजारच्या म्हाताऱ्यानं ते पाहिलं आणि म्हणाला, "मास्तर, तेवढं काढा. देवाला बोल लागतो." वडिलांनी हसत कुलूप काढलं. ते त्यांनी पुढे कुठे ठेवलं कुणास ठाऊक. आम्ही गाव सोडताना ते सापडलं नाही.

गावात चोरी होत नाही, हे तिथे दिवस उगवतो तसं सांगितलं जायचं. चोरी करणाऱ्याचे डोळे जातात, असंही सांगितलं जायचं. मला पहिल्याच आठवड्यात माझ्या त्या मैत्रिणीनंच सांगितलं. "येक माणूस गाय सोडून न्यायला आल्ता. शिवेपत्तुर गेला आन् डोळ्याम्होरं अंधार. गाईचं शेपूट धरूनच परत आला बग." मी विचारलं, तू पाहिलंस? ती म्हणाली, "मी कशी बघनार? माजा आजा बी तवा झाला नव्हता." आणि स्वतःच हसली. असं सांगून हसणारी मुलगी मी त्याआधी पाहिली नव्हती.

ती पिंजाऱ्याची मुलगी. गावात मुसलमानांची तीन घरं होती, त्यांतलं एक त्यांचं. तिचे वडील गाद्या, उशा, रजयांचा जुना कापूस पिंजून द्यायचे. घराच्या पुढच्या खोलीत आढ्याला टांगलेली मोठी पिंजण होती, धनुष्यासारखी. तिच्या ताणलेल्या तातीवर लाकडी ठोकळा मारला की तुंई तुंई असा आवाज निघायचा आणि कापूस वर उडायचा. थंडी सुरू झाली की त्या खोलीत दिवसभर कापूस उडत असे. बारीक तंतू भिंतींवर, भांड्यांवर, तिच्या आईच्या भुवयांवर बसायचे. आणि दर थंडीत माझ्या मैत्रिणीचे डोळे लाल व्हायचे, पाणी गळायचं, सकाळी पापण्या चिकटायच्या. संक्रांतीनंतर काम कमी झालं की आपोआप बरं वाटायचं. हे सगळ्या गावाला माहीत होतं. पुढे जे झालं ते समजण्यासाठी हे लक्षात ठेवावं लागेल: सगळ्या गावाला माहीत होतं.

मी अबोल मुलगी होते. वडिलांची पुस्तकं वाचायची आणि घरात बसायची. तिच्याआधी मला मैत्रीण नव्हती. तिला मात्र होत्या. ती सागरगोट्यांत कुणाला जिंकू द्यायची नाही, झिम्म्यात तिचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. माझ्याशी मैत्री झाली तेव्हा तिच्याभोवती पाच-सहा मुली होत्या. दोन वर्षांत एकही राहिली नाही. ते मी केलं. भांडून केलं नाही. मी तिला शाळेत माझ्याजवळ, वडिलांच्या टेबलाच्या बाजूला बसवलं. तिथे दुसऱ्या मुली येत नसत. मी तिला वाचायला शिकवलं आणि मग पुस्तकातल्या गोष्टी रोज थोड्या थोड्या सांगू लागले. मध्ये दुसरी मुलगी येऊन बसली की मी पुस्तक मिटायचे. "हिच्यासमोर नाही." तिला गोष्ट हवी असायची. ती त्या मुलीला म्हणायची, "जा गं, मंग ये." त्या मुली मग यायच्या थांबल्या.

तिच्या घरी पिंजणीच्या खोलीतच मी मोठ्यानं वाचायचे. तिचे वडील कामाला लागले की आवाजात माझा आवाज बुडायचा. तेव्हा ते म्हणायचे, "मास्तरीणबाई, तुमच्या राजाला वाईच दम धरू द्या. येवढी उशी झाली की सोडतो त्येला." मग आम्ही थांबायचो. उशी पिंजून झाली की ते घाम पुसत खाली बसायचे. "हां. सोडा आता. कुठवर आल्ता?" मास्तरीण हे नाव त्यांनीच पाडलं. पुढे तीही मला तेच म्हणू लागली.

माझ्या दहाव्या वर्षी, थंडीच्या सुरुवातीला, नगरहून एक मुलगी मामाच्या गावी राहायला आली. तिच्या आईचं बाळंतपण होतं. मामा गावातला मोठा शेतकरी. मुलगी आमच्याच वयाची, दोन वेण्या, रिबिनी, पायात चांदीची पैंजणं. ती तिसऱ्या दिवशी सरळ आमच्या टेबलाजवळ येऊन बसली. मी पुस्तक मिटलं. ती म्हणाली, "ही गोष्ट मला माहीत आहे. शेवटी राजा मरतो." माझी मैत्रीण खो-खो हसली. मी त्या दिवशी घरी जेवले नाही.

त्यानंतर दुपारच्या सुट्टीत त्या दोघी सागरगोटे खेळायच्या. मला बोलवायच्या. मी जात नसे.

एक दिवस ती पळत माझ्याकडे आली. तिच्या उजव्या पायात पैंजण वाजत होतं. एकाच पायात.

"ह्ये बग! तिनं दिलं. येक तिच्या पायात, येक माज्या. आठ दीस. मंग परत द्यायचं."

मी म्हणाले, "एका पायात वाजतंय. गळ्यात घंटा बांधलेल्या म्हशीसारखी चालतेस."

"वाजू दे की. म्हशीला बी कळप असतोय, मास्तरीन. मला तर तू येकलीच हायस."

ती हसत म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. मी मात्र ते वाक्य घरी घेऊन गेले आणि रात्रभर उलटसुलट करून पाहिलं. मी एकटी आहे, आणि ते कमी आहे, असाच अर्थ प्रत्येक वेळी निघाला.

दुसऱ्या दिवशी तिच्या आईनं पैंजण पायातून काढायला लावलं. दुसऱ्याची वस्तू, शेतात कुठे पडली तर काय सांगायचं, असं त्या म्हणाल्या आणि कामाला गेल्या. तिनं ते काढलं, पिंजलेल्या कापसात गुंडाळलं आणि चुलीजवळच्या कोनाड्यात, मिठाच्या मडक्यामागे ठेवलं. मी तिथे होते. तिनं मडकं बाजूला करून मला दाखवलं. "आईला बी ठावं न्हाई. तुलाच दावते. आठ दिसांनी ह्यितनंच काडून द्यायचं."

तिसऱ्या दिवशी मी ते घेतलं. सुरुवातीला लिहिलं आहे तसं. कापसात असल्यामुळे ते वाजलं नाही.

माझा विचार काय होता, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. चोरी करायची नव्हती. दोन दिवस लपवायचं, त्या दोघींचं भांडण होईल, नगरची मुलगी हिच्याशी बोलणार नाही, मग मी ते कुठेतरी सापडल्यासारखं करून देईन. एवढाच हिशेब. गावात जन्मलेल्या मुलीच्या मनात असा हिशेब आला नसता. माझ्या मनात तो सहज आला.

लपवायचं कुठे, हा प्रश्न होता. घराला दार नाही, ट्रंकेला कुलूप नाही. मी माझ्या उशीची शिवण चार बोटं उसवली, पैंजण कापसासकट आत ढकललं आणि पुन्हा टाके घातले. ती उशी तिच्याच वडिलांनी दिवाळीत भरून दिली होती. त्यावर डोकं ठेवून मी झोपले. मधोमध काहीतरी टोचत होतं.

दोन दिवस लागले नाहीत. दुसऱ्याच सकाळी नगरच्या मुलीच्या मामीनं तिच्या पायाकडे पाहिलं. "दुसरं कुठाय गं?" मुलीनं खरं ते सांगितलं. मामी तिला घेऊन पिंजाऱ्याच्या घरी गेली. मी तेव्हा तिथेच होते, शाळेत बरोबर जायला आले होते. मामी चौकटीतच उभी राहिली.

"आमच्या पोरीचं पैंजन द्या गं बाई. पोरीपोरींत खेळ हुतो, पन चांदी हाय ती."

माझी मैत्रीण लगेच उठली. "व्हय, देते की." मडकं बाजूला केलं. हात आत घातला. पुन्हा घातला. मग तिनं मडकं खाली ठेवलं, कोनाडा पुसला, जमिनीवर पाहिलं, चुलीच्या राखेत पाहिलं. तिची आई, मामी, मी, सगळ्या बघत होतो.

"ह्यितंच ठिवलं हुतं," ती म्हणाली. "कुनी तरी न्हेलं."

मामी म्हणाली, "कुनी न्हेलं?"

तिनं मडकं उचलून परत कोनाड्यात ठेवलं. मला वाटतं, आपण काय बोललो ते तिला तेव्हा कळलं. त्या गावात कुणी कुणाचं काही नेत नाही. नेलं, असं म्हणणं म्हणजे देवावर बोट ठेवणं. घरातून वस्तू जाऊच शकत नाही, मग ती गेली असं सांगणारीच खोटी. याहून वेगळं काही त्या गावाला सुचणं शक्य नव्हतं. मामी वाईट बाई नव्हती. तिनं आवाजही चढवला नाही. फक्त माझ्या मैत्रिणीच्या तोंडाकडे जरा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "डोळं बग की गं तुजं. कसं लालबुंद झाल्यात."

तिची आई म्हणाली, "दर सालाला हुतंय, ताई. कापसानं हुतंय. तुमाला ठावं हाय."

"हुत असंल," मामी म्हणाली आणि भाचीचा हात धरून गेली.

दुपारपर्यंत गावभर झालं. विहिरीवर, पारावर, गिरणीत. पैंजण पोरीनंच दडवलंय आणि देवानं डोळ्यांवर दावलंय. दर थंडीत ते डोळे पाहणाऱ्या बायका हे बोलत होत्या. शाळेत मुली तिच्याकडे बघून तळहातांनी स्वतःचे डोळे झाकायच्या आणि फिदीफिदी हसायच्या. पूर्वी तिच्या मैत्रिणी असलेल्या मुली. नगरची मुलगी एकटी रडत बसायची. तिला कुणाशी भांडायचं नव्हतं. तिला सागरगोटे खेळायचे होते.

त्या संध्याकाळी वडिलांनी मला जवळ बोलावलं. ते या असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारे नव्हते. ते म्हणाले, "उद्या मी पारावर जाऊन बोलणार आहे. डोळ्यांचं मी समजावून सांगेन. पण त्याआधी तुला विचारतो. तू तिची जिवाभावाची मैत्रीण. तिच्या घरी रोज जातेस. तिनं घेतलं असेल, असं तुला वाटतं?"

मी खाली बघत होते.

"तू नाही म्हणालीस तर मला पुरे आहे," ते म्हणाले.

मी म्हणाले, "मला माहीत नाही."

वडिलांनी समोरचं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "बरं." दुसऱ्या दिवशी ते पारावर गेले नाहीत. त्यांनी आईला सांगितलेलं मी ऐकलं. "पोरीलाच खात्री नाही, तर मी काय म्हणून बोलू?" आईनं ते विहिरीवर कुणाला तरी सांगितलं असणार. कारण संध्याकाळी मामीच्या तोंडी ते होतं. मास्तराची पोरगी तिची सख्खी मैत्रीण, ती बी म्हनती ठावं न्हाई.

सुनेला मी जे सांगू शकले नाही ते हेच. माझ्या मैत्रिणीला तेव्हा आणखी चार मैत्रिणी असत्या तर त्यातली एखादी तरी ओरडली असती, "काय बोलताय? दर सालाला येतात तिचे डोळे!" मूर्ख का होईना, एखादी तिच्या बाजूनं भांडली असती. पण तिच्या बाजूनं बोलायला गावात एकच तोंड उरलं होतं. ते उरावं म्हणून मीच बाकीची बंद केली होती. आणि ते म्हणालं, माहीत नाही.

तिनं शाळेत येणं सोडलं. डोळे त्या वर्षी नेहमीपेक्षा जास्त बिघडले, कारण ती रडत असे. तिची आई शेळीच्या दुधात कापसाचे बोळे बुडवून डोळ्यांवर ठेवायची आणि वर फडकं बांधायची. मी रोज शाळा सुटली की जायचे. पावलं वाजली की ती विचारायची, "मास्तरीन, तूच ना?"

"हो."

"बरं झालं आलीस. दुसरं कुनी येत न्हाई."

मग मी वाचायचे. आता पिंजण बंद असायची. आवाज मध्ये येत नसे. तिचे वडील बाहेर ओट्यावर बसलेले असायचे. त्यांना आता कुणी गादी-उशी आणून देत नव्हतं. थंडी भर जोरात होती आणि खोलीत कापूस उडत नव्हता. मी एकामागून एक गोष्टी वाचत राहिले. ती माझा हात धरून ऐकायची. ती पूर्णपणे माझी होती.

ते आठ दिवस मी सुखात होते. हे लिहायला मला चार दिवस लागले. रात्री उशीला डोकं टेकलं की मला भीती वाटायची, सकाळी आपले डोळे गेलेले असतील अशी. उठल्याबरोबर मी भिंतीवरच्या जगाच्या नकाशाकडे बघायचे आणि आफ्रिकेतली बारीक अक्षरातली नावं वाचायचे. वाचता आली की उठायचे. पण दुपारी तिच्याकडे जाताना मला आनंद व्हायचा. दोन्ही खरं आहे.

एकदा मी पैंजण काढून बरोबर नेलं होतं. तिच्या डोळ्यांवर फडकं होतं, आई बाहेर होती. कोनाडा दोन हातांवर होता. परत ठेवायला दार आडवं नव्हतं, कुलूप आडवं नव्हतं. मी विचार केला, आता ते इथे सापडलं तर लोक म्हणतील, भिऊन परत ठेवलं. तिलाच आणखी वाईट. हा विचार चुकीचा नव्हता. पण तो मला फार लवकर सुचला. पैंजण ठेवून चालणार नव्हतं, बोलायला हवं होतं. मी ते परत घरी नेलं आणि उशी पुन्हा शिवली.

नवव्या दिवशी शनिवार होता. तिचे वडील अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून देवाच्या चौथऱ्यावर तेल घालायला गेले. ते वर्षातून एकदोनदा जायचेच, त्यात कुणाला नवल नव्हतं. बायका वर जात नसत. आम्ही मुली लांब, लिंबाखाली उभ्या होतो. गावातले दहा-वीस पुरुष होते. तिच्या वडिलांनी शिळेवर तेल ओतलं, कपाळ टेकलं आणि वळून सगळ्यांकडे बघत बोलले.

"माज्या लेकीनं घेतलं आसंल तर माजं डोळं जाऊ दे. तिचं नगं, ल्हान हाय ती." मग म्हणाले, "आमी बी ह्याच गावचं हाय. आमच्या घराला तरी कुठं दार हाय?"

कुणी त्यांना घालूनपाडून बोललं नाही की गावातून जा म्हणालं नाही. फक्त सोमवारीही कुणी उशी आणून दिली नाही आणि मंगळवारीही नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी पिंजण उतरवली, बैलगाडीवर चढवली आणि ते श्रीगोंद्याकडे, काष्टीला, तिच्या मामांकडे गेले.

निघताना ती गाडीत मागे बसली होती. डोळ्यांवरचं फडकं काढलेलं होतं. ती मला म्हणाली, "मास्तरीन, तू येकली राहू नगंस हां. ती नगरची चांगली हाय. तिच्यासंगं खेळ."

मी मान हलवली. नगरची मुलगीही महिन्याभरात निघून गेली. जाताना तिच्या एका पायातही पैंजण नव्हतं. दुसरंही तिच्या मामीनं काढून ठेवलं होतं. ते देवाला वाहिलं, असं नंतर ऐकलं.

पुढे मी शिकले, शिक्षिका झाले. श्रीगोंदे तालुक्यात नेमणूक होती तेव्हा एका बाजाराच्या दिवशी काष्टीला भाजी घेत होते. मागून हाक आली. "मास्तरीन!" रजयांच्या ढिगावर एक बाई बसली होती, मांडीवर मूल. वीस वर्षं झाली असतील. मला वाटलं होतं ती ओळख देणार नाही. ती उठून मला बिलगलीच. "झालीस ना खरीखुरी मास्तरीन! माज्या बापानं आदीच वळखलं हुतं."

त्यानंतर बदली होईपर्यंत मी जवळजवळ प्रत्येक बाजारी तिच्याकडे जात असे. नंतरही पत्रं, लग्नकार्यं, ईदचा शिरखुर्मा. माझ्या मुलाच्या बारशाला तिनं स्वतः पिंजलेल्या कापसाची दुपटी आणली. तिचे वडील तेव्हा थकले होते, पण त्यांचे डोळे शेवटपर्यंत चांगले राहिले. मला ते दिसले की मी आधी त्यांच्या डोळ्यांकडे बघत असे.

म्हणजे सांगायला मला वेळ कमी पडला नाही. पन्नासएक वर्षं होती.

एकदाच तिनं स्वतः विषय काढला. आम्ही दोघी तिच्या ओट्यावर शेंगा फोडत होतो. ती म्हणाली, "मास्तरीन, त्ये पैंजन कुनी न्हेलं आसंल गं?"

मी हातातली शेंग फोडली.

"मला वाटतंय उंदरानं," ती म्हणाली. "कापसात गुंडाळलं हुतं ना. उंदराला बिळात पिलांखाली घालायला कापूस लागतुया. कापूस वढला त्येनं, पैंजन आपसूक गेलं. काय? खरं हाय का न्हाई?"

मी म्हणाले, "असेल."

"असंल काय, हायच. आमच्या घरात लई उंदीर हुतं." आणि ती हसली. "शनिदेव बी काय करंल, उंदराचं डोळं काय येवढालं आसत्यात?"

मीही हसले. त्या दिवशी मी दुसऱ्यांदा ते पैंजण घेतलं, असं मला वाटतं. पहिल्यांदा दहा वर्षांची होते.

तिला ठाऊक होतं का? मडक्यामागची जागा मी सोडून कुणाला माहीत नव्हती, हे ती विसरली नसणार. पण तिनं माझ्यासाठी उंदीर शोधला, की स्वतःसाठी, की खरोखर तिला तसंच वाटत होतं, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं.

गेल्या महिन्यात तिच्या मुलीचा फोन आला. मी काष्टीला गेले. जाताना पैंजण बटव्यात घेतलं होतं. ते मी गाव सोडतानाच त्या उशीतून काढलं होतं आणि तेव्हापासून माझ्याजवळ आहे. ठरवलं होतं, निदान मुलीला सांगायचं. मुलीनं मला आईच्या पलंगावर बसवलं, चहा दिला. बाजूला बसून रडता रडता सांगू लागली, "आई तुमच्या लई गोष्टी सांगायची, मावशी. तुमी पुस्तक वाचायच्या, आजा पिंजण थांबवायचा. आन् त्यो पैंजणाचा उंदीर! आमी ल्हानपणी तीच गोष्ट मागायचो. आई म्हनायची, सगळं गाव माज्यावर उलटलं हुतं, येकटी मास्तरीन रोज यायची. येकटी. म्हनून म्हनते पोरींनो, दहा नगं, पन येक तरी जिवाची मैत्रीण असावी."

मी चहा संपवला. बटवा उघडला नाही.

सुनेनं तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. ती विसरली असेल. नात काल शाळेतून आली आणि म्हणाली, तिची मैत्रीण दोन दिवस तापानं आजारी आहे, तिला कंटाळा येतोय. मी तिला म्हणाले, मधल्या सुट्टीत दुसऱ्या मुलींत जाऊन बस. ती म्हणाली, "त्या मला घेत नाहीत." मी म्हणाले, "घेतील. विचार." ती गेली की नाही, अजून कळलं नाही.

पैंजण माझ्याकडे आहे. त्याला नऊ घुंगरं आहेत. वाजतात.